गोमाजीची उडी

आमच्या कोळीवाड्यात माझ्या बापाचं नाव काढलं की लोक एकच गोष्ट सांगतात. तो दिवसभरात मोजून चार शब्द बोलतो, कालवणात मीठ जास्त झालं तरी गुमान जेवतो, घरातल्या मांजरीला 'अहो' म्हणतो, हे कुणी सांगत नाही. सांगतात ते सव्वीस जुलैचं. "गोमाजीने पुरात उडी मारली." झालं! या एका वाक्यावर माझा बाप वीस वर्षं जगला, आणि त्याच वाक्यापायी माझा भाऊ मरायला निघालेला. मी निशा. डोंबिवली पश्चिमेला मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून आवाज चढा झालाय, तेवढं सांभाळून घ्या.

आधी ती गोष्ट. दोन हजार पाचच्या पुरात शहाडला उल्हास नदी रस्त्यावर आलेली. बाबा आणि त्याचा सोबती भिवा यांनी छोटी होडी टेम्पोत घातली, रस्ता होता तिथपर्यंत नेली आणि पुढे पाण्यात सोडली. लोकांना खिडक्यांतून, गच्च्यांवरून काढत होते. तेवढ्यात कल्याणचे एक कांदाबटाट्याचे व्यापारी, धनेशशेठ, विजेच्या खांबाला मिठी मारून लटकलेले दिसले. होडी जवळ जातेय तोच त्यांचा हात सुटला. बाबाच्या कमरेला दोरी होती. त्याने उडी मारली, शेठना धरलं, भिवाने दोरी ओढून दोघांना आत घेतलं. गच्च्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे मंडळाने शाल-नारळ दिला, फोटो काढला, तो फोटो आमच्या दारावर लागला. तेव्हापासून दर सव्वीस जुलैला धनेशशेठ पेढे घेऊन आमच्याकडे येतात. भिवाकाका तीन वर्षांपूर्वी वारला, पण शेठ चुकले नाहीत.

माझा भाऊ जयेश तेव्हा चार वर्षांचा. त्याला दुसरी गोष्टच नको असायची. "बाबाची उडी सांग," असा आयेच्या मागे लागायचा आणि मग "गोमाजीऽऽऽ" ओरडून पलंगावरून गादीवर उडी मारायचा. आयेने त्या पलंगाची फळी दोनदा बदलली. बाबाला मात्र ती गोष्ट कधीच सांगता यायची नाही. कुणी विचारलं की उठून जाळं विणायला बसायचा. आम्ही म्हणायचो, केवढा साधा माणूस, केलेलं बोलून दाखवत नाही! मला स्वतःला त्याचा केवढा अभिमान होता.

आणि ऐका, कोळ्याची पोरं असून मला आणि जयेशला पोहता येत नाही. बाबा आम्हाला खाडीत पाय घालू द्यायचा नाही. "पानी घान हाय." आता आमच्या खाडीचं पाणी बघितलंत तर तुम्हीही तेच म्हणाल, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. जयेश शिकला, हुशार निघाला आणि गेल्या सप्टेंबरात वेल्सला गेला, सांडपाणी शुद्ध करायचं इंजिनीअरिंग शिकायला. सोबत कल्याणचा सम्यक, त्याचा रूममेट.

तर या वर्षीचा सव्वीस जुलै. शनिवार. जयेशच्या कॉलेजच्या क्लबाची सहल होती. सहल कसली, खूळ! समुद्राच्या कडेकडेने कातळांवरून सरपटत जायचं, आणि वाट संपली की वरून खाली पाण्यात उडी टाकायची. रबरी कपडे, हेल्मेट, लाईफ जॅकेट घालून. लोक हौसेने करतात म्हणे. जयेशने आदल्या दिवशी फोन करून सांगितलं, "ताई, उद्या मी उडी मारीन तेव्हा सम्यक व्हिडिओ कॉल लावेल. शेठ येतील ना? बाबाला समोर बसव. वीस वर्षं झाली, आपली पण एक उडी पायजे ना!"

मला वाटलं, जॅकेट असतं, गाईड असतो, मजा करतायत पोरं. दुपारी मी मोबाईल टीव्हीला जोडला. धनेशशेठ पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन खुर्चीत. आये दाराशी. शेजारची आवडाबाई, ती तर मांडी ठोकून टीव्हीच्या पुढ्यातच. तिच्यामागे अर्धी आळी. बाबा भिंतीला टेकून, नेहमीसारखा मुका.

चारच्या सुमारास कॉल आला. काय ते दृश्य! काळे कातळ, निळंशार पाणी, केशरी हेल्मेट घातलेली दहाबारा पोरं. सम्यकने फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलेला, त्यामुळे चित्र हलत होतं. जयेश कातळाच्या टोकावर उभा होता. काळ्या रबरी कपड्यांत तो एवढा बारीक दिसत होता की आये म्हणाली, "काय खातच नाय का रे तू?"

"आये, थांब गं! बाबा बघतोय का? शेठ, नमस्कार!" जयेश ओरडला. "ऐका ना, गंमत. सकाळी गाईडने विचारलं, कोणाकोणाला चांगलं पोहता येतं, हात वर करा. सगळ्यांचे वर. मी पण केला!"

"अरे मूर्खा!" मी किंचाळले. "तुला कुठे येतं?"

"अगं ताई, सम्यकने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय, याचे वडील पुरात उडी मारणारे. आता गोमाजीचा पोरगा हात खाली ठेवणार काय?"

घरात टाळ्या पडल्या. आवडाबाईने शिट्टी मारली, खरंच मारली, या वयात! "जल्ला तुजा, बापाची जात हाय रे!" धनेशशेठ हसत होते. आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, "नको."

मी वळून बघितलं. बाबा उभा राहिलेला. तोंडावर रक्ताचा टिपूस नव्हता.

"जयेश, नको मारू उडी. मागं फिर."

"काय बाबा! तू मारली तेव्हा दोरी होती, मला जॅकेट आहे."

"मी सांगतो ना तुला, नको! गाईडला सांग येत नाय म्हणून!"

बाबाला एवढ्या मोठ्याने बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. लोक हसले. बापाचं काळीज, दुसरं काय, असं कुणीतरी म्हणालं. आणि टीव्हीवर जयेशने दोन्ही हात वर केले, लहानपणी पलंगावर करायचा तसे, आणि "गोमाजीऽऽऽ" अशी आरोळी ठोकून सुटला.

पाण्यात पडला, वर आला. हेल्मेट दिसलं, हात हलले. आम्ही टाळ्या वाजवतोय. मग एक लाट आली. साधीशीच होती, पण तिने त्याला उचललं आणि कातळाच्या कडेला नेऊन आपटलं. हात वेडेवाकडे झाले. तोंड उघडं, डोळे उघडे, आणि पुढची लाट. केशरी रंग दिसेनासा झाला. सम्यकचा आवाज फाटला, "गेला! गेला! अरे जयेश गेला!" चित्र गरगरलं, आभाळ दिसलं, कुणाचे तरी बूट दिसले, आणि कॉल तुटला.

टीव्हीवर आमचा देवीचा वॉलपेपर आला.

  'गेला.' हाच शब्द आपण रिक्षाने गेलेल्याला वापरतो, आणि हाच... आवडाबाईला तेवढं पुरलं. तिने ऊर बडवायला सुरुवात केली. "गेला गं बाय, माझा राजा गेला!"

"आवडाकाकी, थोबाड बंद कर!" मी तिच्या अंगावर धावले. "पाण्यात गेला म्हणाला तो! पाण्यात!"

म्हणाला नव्हता. पण मला तेच ऐकायचं होतं. मी फोन लावत सुटले. सम्यक लागेना, जयेशचा बंद. आये उंबऱ्यावर बसलेली, रडत नव्हती, नुसती माझ्या अंगठ्याकडे बघत होती. मी नंबर दाबला की तिचे ओठ हलायचे. रिंग जायची आणि तुटायची, परत जायची. बाहेर बातमी पसरली, माणसं जमायला लागली. चपलांचा ढीग झाला दाराशी. मला त्या चपला बघवेनात. अशा चपला घरासमोर कधी जमतात ते आपल्याला माहीत असतं.

आणि प्रत्येक जण बाबाजवळ जाऊन तेच बोलत होता. "गोमाजी, घाबरू नको, तुझं रक्त हाय त्याच्यात." "कोळ्याचा पोर कधी बुडतो का?" "बापाने पुरात उडी मारली, पोराला समुद्राचं काय?" बाबा भिंतीला चिकटलेला. प्रत्येक वाक्याला त्याची मान आणखी खाली जात होती. शेवटी धनेशशेठ उठले, बाबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गोमाजीभाऊ, देव तुमचं पुण्य विसरणार नाही. तुम्ही माझ्यासाठी उडी मारलीत..."

"मी उडी मारली नव्हती!"

बाबा ओरडला. असा ओरडला की भांड्यांच्या मांडणीवरचं मांजर पळालं.

"नव्हती मारली मी उडी! होडीला धक्का बसला, पाय घसरला माझा! घसरून पडलो मी! मना पवता येत नाय. तेव्हा पण येत नव्हतं, आता पण येत नाय. कधीच येत नव्हतं!"

आवडाबाईचा हात छातीवर होता तिथेच राहिला. मला वाटलं, बाबाचं डोकं फिरलं. आयुष्यभर होडी हाकलेला माणूस! नारळी पौर्णिमेला होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकावर उभा राहून नारळ सोडणारा माणूस! आयेचं तोंड बघितलं मी, तिलाही ठाऊक नव्हतं. तीस वर्षं एका ताटात जेवली बाई, आणि तिलाही नाही. दारात उभ्या लोकांत एक पोरगा फस्सकन हसला. त्याच्या आईने त्याला तिथेच वाजवली.

बाबा खाली बसला आणि बोलत सुटला. त्याच्या तोंडून एवढे शब्द कुठून आले कोण जाणे. लहान असताना त्याचा थोरला भाऊ महिपत खाडीत बुडाला, याच्या डोळ्यांदेखत. मग पाणी कमरेच्या वर आलं की याचे पाय लटपटायचे. होडीत असताना भीती नाही, होडी पायाखाली असते. होडीबाहेर पाऊल टाकलं नाही आयुष्यात. आणि कोळ्याला कोण विचारतं तुला पोहता येतं का म्हणून? कुणी विचारलंच नाही, म्हणून सांगायची वेळ आली नाही. त्या दिवशी वरून लोकांनी टाळ्या वाजवल्या, "उडी मारली, उडी मारली." भिवा म्हणाला, राहू दे रे, कुणाचं काय जातं?

"कुणाचं काय जातं," बाबा परत म्हणाला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. "माझा पोर गेला."

मला त्याला मिठी मारायची होती आणि त्याची मानगूट धरून हलवायचीही होती. काय करावं कळेना. दोन्हीतलं एकही केलं नाही. वीस वर्षं, बाबा? खाडीचं पाणी घाण, खाडीचं पाणी घाण, एवढंच सांगत राहिलास?

तेवढ्यात फोन वाजला.

सम्यक. रडत होता. मला पहिलं वाक्य कळलंच नाही, मी "आहे का? आहे का?" एवढंच ओरडत होते. मग कळलं. आहे. गाईडने मागोमाग उडी टाकून जॅकेटला धरून ओढून काढलं. खूप पाणी गेलेलं पोटात, ओकला. खांदा निखळलाय, कपाळाला टाके पडतील. पण आहे. बोलतोय. "आहे!" मी ओरडले आणि आये उंबऱ्यावरच आडवी झाली. बायकांनी तिला पाणी मारलं. आवडाबाई आता आनंदाने ऊर बडवायला लागली, तिला दुसरं काही येतच नाही.

जयेशचा चेहरा आला मोबाईलवर. चकचकीत चांदीच्या कागदात गुंडाळलेला, ओठ निळे, दात वाजतायत. तरी हसायला बघत होता. "बाबा, उडी बघितली ना? पहिला भाग झकास होता ना?"

मी फोन बाबाच्या हातात दिला. मनात म्हटलं, आता गप्प बस, बाबा. आज नको. पोरगा मरून परत आलाय, त्याला बरा होऊ दे. पण बाबा एकदा सुरू झालेला.

"जयेश, मी उडी नव्हती मारली. पाय घसरलेला माझा. मना पवता येत नाय."

जयेश बघत राहिला. त्याला वाटलं असेल, नेटवर्कमुळे चुकीचं ऐकू आलं. बाबाने परत सांगितलं, तेच, त्याच शब्दांत. मी स्क्रीनवर माझ्या भावाचा चेहरा बघत होते. लाटेने आपटलं तेव्हाही तो असा दिसला नव्हता.

"मग मी कुणासाठी मारली?" तो म्हणाला.

 धनेशशेठनी पुढे होऊन फोन घेतला. "जयेश बाळा, ऐक. मला माहीत होतं."

आता सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आजचा दिवसच असला होता, एक धक्का पचतोय तोवर दुसरा!

"अरे, पाण्यात मीच खाली होतो ना! हे माझ्या डोक्यावर येऊन पडले, 'आये गं' ओरडत. उडी मारणारा माणूस 'आये गं' ओरडतो का? माझ्याइतकेच पाणी पीत होते. पण एकदा माझा सदरा धरला तो सोडला नाही. मी बुडतोय, हे बुडतायत, आणि सदरा काही सोडत नाहीत. मी पेढे त्याचे आणतो रे. उडीचे कुणी आणले?"

 तिकडे कुणीतरी जयेशला गाडीत बसायला बोलावलं आणि फोन बंद झाला.

पुढचे दिवस वाईट गेले. कोळीवाड्यात लोक बाबाला बघून गप्प व्हायचे, आणि तो पुढे गेला की बोलायला लागायचे. चेष्टा करणाऱ्यांनी चेष्टा केली. दारावरचा फोटो बाबाने स्वतः काढून माळ्यावर टाकला. ते सगळं त्याने सोसलं असतं. पण जयेश त्याच्याशी बोलेना. माझ्याशी बोलायचा, आयेशी बोलायचा, खांदा सुधारला सांगायचा. बाबाला फोन देते म्हटलं की "क्लास आहे." बाबा शेजारीच बसलेला असायचा, सगळं ऐकायचा आणि मांजरीला म्हणायचा, "चला, अहो."

नारळी पौर्णिमेला लोकांनी बोलावलं तेव्हाही बाबा नाळेवर चढला नाही. "ज्याला पवता येतं त्याला चढवा," म्हणाला. मला वाटलं, संपला माझा बाप.

आणि नंतरच्या सोमवारी सकाळी तो माझ्यासमोर उभा, हातात पिशवी. "निशा, त्या तरण तलावावर नाव घालायचंय. मना तिथलं काय समजत नाय. चल."

मी आधी हसले, मग त्याचं तोंड बघून गप्प झाले. पिशवीत टॉवेल होता आणि जयेशची जुनी हाफ पँट.

पालिकेच्या तलावावर शिकाऊंची बॅच सगळी चिल्लीपिल्ली. रंगीबेरंगी चष्मे, फुगे बांधलेले दंड, आयांचे आरडाओरडे. त्या रांगेत माझा ताडमाड, काळा बाप, छातीवरचे केस पांढरे. बायका माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या. लाज वाटली का? वाटली. खोटं कशाला बोलू? तरी मी मोबाईल काढला आणि जयेशला कॉल लावला. तिकडे पहाट होती, तो उचलणार नाही असंच वाटलं. उचलला. मी कॅमेरा नुसता बाबाकडे फिरवला.

शिकवणारे प्रीतम सर शिट्टी वाजवत आले. बाबाचं आडनाव वाचून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काका, कोळीवाड्यातले ना तुम्ही? मग इकडे काय करताय, मोठ्यांच्या बॅचला जा." आणि पोरांकडे वळून ते ओरडले, "चला, कोणाकोणाला थोडंफार पोहता येतं, हात वर!"

सगळे हात वर. सान्वी नावाची एक एवढीशी पोर, जिला पाण्यात ढकललं तर सरळ बुडेल, तिनेही वर केला. बाबाने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"काका?"

"मना नाय येत," बाबा म्हणाला. सगळ्या तलावाला ऐकू जाईल असा. "एकदम पहिल्यापासून शिकवा."

फोनमधून काही आवाज येत नव्हता. मला वाटलं, याने ठेवला. बघते तर जयेश उशीवर डोकं टेकून बघत होता, कपाळावर टाक्यांची खूण. बाबा शिडी धरून एक एक पायरी उतरत होता. पाणी कमरेला आल्यावर थांबला. मग छातीला आलं. त्याने काठ असा घट्ट धरला की बोटं पांढरी झाली.

"ताई," जयेश म्हणाला.  "बाबाला सांग, काठ सोडायची घाई करू नको. आधी तोंड पाण्यात घालायचं आणि नाकाने हवा सोडायची, बुडबुडे काढायचे. मला इथे तेच करायला लावतात रोज."

"तुला? रोज?"

"सांग ना गं त्याला."

मी काठावरून ओरडून सांगितलं, जयेश सांगतोय म्हणून सांगितलं. आसपासची पोरं हसली. बाबाने वर बघितलं, माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या फोनकडे. मग त्याने डोळे गच्च मिटले आणि तोंड पाण्यात घातलं.